पंचांनी पाहिलं, पण विचारलं कोणी?

आमच्या गटातल्या काहीजणींच्या मुली शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळतात. सामना बघताना आम्हा बायकांत एक प्रश्न हमखास निघतो, 'अहो, त्या पळणारीला बाद का नाही दिलं?' आज त्याबद्दलच बोलूया.

मैदानावर पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि होम अशी चार ठिकाणं असतात. चारहींना क्रमाने पाय लावून आलं की एक धाव. बेस सोडून मध्येच असलेल्या मुलीला टॅग करून बाद करता येतं. टॅग म्हणजे चेंडू घट्ट धरून, चेंडू असलेल्याच हाताने किंवा ग्लोव्हने तिला स्पर्श करणं. चेंडू एका हातात आणि स्पर्श रिकाम्या ग्लोव्हचा, तर ती बाद नाही. स्पर्श करताना चेंडू निसटला, तरी नाही. पळणारीने मुद्दाम तो उडवला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पंच क्षणभर थांबतात, चेंडू कुठे आहे ते बघतात आणि मगच निर्णय देतात.

आता खरी मेख. काही चुका पंचांना दिसतात, तरी ते आपणहून काही बोलत नाहीत. समजा, दुसऱ्या बेसवरची मुलगी पळत होमला आली, पण वाटेत तिसऱ्या बेसला तिचा पाय लागलाच नाही. किंवा उंच उडालेला चेंडू झेलणारीच्या हाताला लागण्याआधीच तिने बेस सोडला. पंच गप्पच राहतात. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने अपील केलं, तरच ते तिला बाद देतात, आणि मग तिची धावही धरत नाहीत. क्रिकेटमध्येही अपील झाल्याशिवाय पंच बाद देत नाहीत, तसंच हे.

चेंडू खेळात असेल, तर तो हातात धरून चुकलेल्या बेसला पाय लावायचा आणि पंचांना सांगायचं. खेळ थांबलेला असेल, तर पिचर, कॅचर किंवा बेसवरच्या मुलीने तोंडी सांगितलं तरी चालतं: 'सर, अपील. त्या मुलीने तिसरा बेस चुकवला.' कोण आणि कुठला बेस, हे स्पष्ट हवं. वेळ मात्र थोडा असतो. पिचरने पुढचा चेंडू टाकला की हक्क गेला. डाव संपला असेल, तर पिचर आणि आतल्या खेळाडूंनी मैदान सोडायच्या आत बोलावं लागतं.

बाहेरून आपण कितीही ओरडलो, तरी ते अपील होत नाही. बोलायचं मुलींनीच. आणि तिथेच आपल्या मुली अडतात. मोठ्यांसमोर तोंड उघडू नये, हे आपणच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. मुलगी चूक बघते, शेजारणीच्या कानात कुजबुजते, तोवर पुढचा चेंडू पडतो आणि हातातला सामना जातो.

अपील म्हणजे भांडण नाही, उलट उत्तरही नाही. नियमानेच दिलेला तो हक्क आहे, आणि मागितल्याशिवाय तो मिळत नाही. म्हणून सरावाच्या वेळी मुलींकडून ते एक वाक्य मोठ्याने म्हणवून घ्या. घरी त्या काही विचारू लागल्या, तर 'गप्प बस' म्हणण्याआधी ऐकून घ्या. मैदानावर लागणारा आवाज घरातच तयार होतो.