एक चित्र, अनेक परवाने
(स्वागताध्यक्षांचे भाषण)

सन्माननीय अध्यक्षमहाराज, आणि दूरदूरच्या गावांहून येथे जमलेल्या चित्रकार, अक्षरकार व मुद्रक बंधुभगिनींनो,

आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या करवीरनगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. चित्रकारांच्या परिषदेचे स्वागताध्यक्षपद एका छापखानेवाल्याच्या गळ्यात पडावे, यातील विनोद माझ्या ध्यानी आला नाही असे नव्हे. परंतु चित्र विकत घेणाऱ्या पक्षाकडूनच आज चार शब्द वदवून घ्यावेत, अशी समितीची मनीषा असावी.

दरसाल दिवाळीच्या सुमारास आम्ही दिनदर्शिका छापतो, तेव्हा कमलासना लक्ष्मीचे एकच चित्र गुळाच्या अडत्याच्या, सराफाच्या आणि बियाणांच्या दुकानदाराच्या नावे निघते, तळच्या मोकळ्या पट्टीत नाव तेवढे बदलते, आणि हीच लक्ष्मी शेजारच्या पेढीवरही विराजमान आहे म्हणून कोणी गिऱ्हाइकाने हुज्जत घातल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हणजे व्यवहार मुळातच अशा परवान्याचा, की जो एकास दिला तरी दुसऱ्यास देण्यास आडकाठी नसते. असे असता चित्रकाराकडून मात्र आम्ही पावतीवर ‘सर्व हक्कांसह’ एवढे लिहून घेतो आणि एकवार मोबदला देऊन चित्र कायमचे खालसा करतो. ज्या अनन्यतेचा आम्हांस कवडीचा उपयोग नाही, ती आम्ही निव्वळ वहिवाट म्हणून मागतो, आणि चित्रकार संकोचापोटी देऊन टाकतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यास परवाना लेखी हवा, आणि त्यात कृती, हक्क, मुदत व प्रदेश नमूद हवेत. मुदत लिहावयाची राहिली तर ती ५ वर्षे आणि प्रदेश राहिला तर भारत, असे तो धरून चालतो. तेव्हा पावतीवरील ती ओळ दिसते तितकी बळकट नाही, हे माझ्या व्यवसायबंधूंनीही ध्यानी घ्यावे.

अर्थात चोरी झाली असता अनन्य परवान्याचा धारक स्वतःच्या नावे दावा लावू शकतो, साध्या परवानेदारास सामान्यतः ती मुभा नाही; म्हणून बोधचिन्हासारखे, एका पेढीवाचून अन्यत्र शोभतच नाही असे काम अनन्य हक्कानेच, परंतु त्या मानाचा दाम घेऊन, द्यावे. साडीच्या काठाची नक्षी काढणाऱ्यांनी तर अधिकच जपावे: नोंदणीयोग्य नक्षी न नोंदता औद्योगिक रीतीने ५० हून अधिक नगांवर उतरली की तिच्यावरील कॉपीराइट संपुष्टात येतो, मग ती उतरविणारा आपणच परवाना दिलेला कारखानदार का असेना.

करारनाम्याचा एक मसुदा समितीने आपल्या पिशवीत घातला आहे. त्यातील मोबदल्याचा रकाना मुद्दाम कोरा ठेविला असून, दुपारच्या सत्रात त्यावरून आम्हां छापखानेवाल्यांशी आपण खुशाल भांडावे. आता अध्यक्षमहाराजांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी मी त्यांस विनंती करतो.