घरकुलाचा पैसा आणि पावसाळा



शासकीय घरबांधणीचा विषय निघाला की तरतूद किती कोटींची झाली, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. आज आपले लक्ष मला निराळ्या प्रश्नाकडे वेधावयाचे आहे. तो पैसा लाभधारकाच्या हाती कोणत्या महिन्यात पडतो?

आकडे मोठे आहेत, यात शंका नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२८-२९ पर्यंत आणखी २ कोटी घरांना मान्यता दिली. केंद्र व राज्ये मिळून त्यांवर ३ लाख ६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च अपेक्षित धरला आहे. बहुतेक राज्यांत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. सपाट प्रदेशातील कुटुंबाला मात्र १ लाख २० हजार रुपयेच मिळतात. ही रक्कम २०१६ मध्ये ठरली आणि २०२४ च्या मान्यतेतही तीच राहिली. मधल्या आठ वर्षांत सिमेंट, सळई व गवंड्याची मजुरी जागच्या जागी थांबली होती, असे येथे कोणी म्हणणार नाही!

आता वेळेचा विचार करू. विधानमंडळ सामान्यतः मार्चअखेरपर्यंत विनियोजन विधेयक संमत करते. एखाद्या वर्षी केवळ लेखानुदानावर भागते. परंतु तरतूद संमत झाली म्हणजे पैसा हाती आला, असे नव्हे. वितरणाचे आदेश, जिल्ह्याचे लक्ष्य, गावाची यादी, व्यक्तिगत मंजुरी, एवढे सोपस्कार होईतो मृग नक्षत्र लागते. पहिला हप्ता अशा वेळी मिळाला तर खणलेला पाया पाण्याने भरतो. पाया वा जोते पूर्ण झाल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. इकडे नव्या घराच्या आशेने जुने छप्पर उतरविलेले असते, आणि मुलाबाळांसह ते कुटुंब चार महिने ताडपत्रीखाली काढते. दिवाळीनंतर सर्व गावांत एकदम कामे निघतात, तेव्हा गवंडी मिळत नाही. मग मार्चमध्ये कार्यालयांची धावपळ सुरू होते.

एप्रिल-मार्चचे वित्तीय वर्ष आपल्याकडे १८६७ पासून चालत आले आहे. लक्ष्मीकांत झा समितीने १९८५ मध्ये मोसमी पावसाचा विचार करून जानेवारीपासून वर्ष सुरू करावे असे सुचविले. केंद्राने ते स्वीकारले नाही. २०१७ मध्ये मध्य प्रदेशाने तसा निर्णय जाहीर केला, पण तोही अमलात आला नाही. तेव्हा वर्ष बदलण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

जिल्हा पातळीवर मात्र पुष्कळ करता येते. जागेच्या मालकीची व बँक खात्यांची तपासणी आणि ग्रामसभेची छाननी जुलै ते सप्टेंबर या काळात उरकावी. पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये सोडावा. जोत्याची पाहणी आठ दिवसांत व्हावी. अभियंत्याच्या सवडीसाठी एखादे घर महिनाभर अडकून पडणे मला अक्षम्य वाटते. आणि ज्या कुटुंबाला पहिला हप्ता जूनमध्येच द्यावा लागेल, त्याला जुने छप्पर दिवाळीपूर्वी उतरवू नये असे मंजुरीपत्रातच ठळक अक्षरांत लिहून द्यावे, व सचिवाने ते घरी जाऊन वाचून दाखवावे.