ज्यांना वाचणे जड जाते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. गेली १९ वर्षे मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, एवढाच माझा अधिकार. चिटणीसबाईंनी "ग्रंथालयाविषयी चार शब्द बोला" असे सांगितले, तेव्हा मी पुस्तकांची संख्या सांगेन आणि थकलेल्या वर्गणीबद्दल गोड बोलून दोन टोमणे मारीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते दोन्ही अहवालात छापले आहे. आज मी माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. जिच्या बाबतीत ती झाली, त्या भगिनीची परवानगी घेतली आहे. नाव मात्र मी सांगणार नाही, आणि आपणही ओळखण्याचा प्रयत्न करू नये.

ह्या बाई दर गुरुवारी न चुकता पुस्तक बदलून नेत. पुस्तक कधी फाटले नाही की एक दिवस उशिरा आले नाही. मला त्यांचे फार कौतुक. एका वर्धापनदिनाला मी सर्वांसमक्ष त्यांना "आमच्या सर्वांत नेमाच्या वाचक" म्हणून उभे केले, आणि कोणाला न विचारता जाहीर केले की, आता त्या आपल्याला दोन पाने वाचून दाखवतील. त्यांनी पुस्तक हातात घेतले, उघडले, आणि "चष्मा घरी विसरले" असे म्हणून त्या पायऱ्या उतरून गेल्या. त्यांना चष्मा नव्हता, हे मला त्या वेळी आठवलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा पुस्तक परत घेऊन आला आणि अनामत मागू लागला. मी नोंदवहीत "नाव कमी केले" असे लिहिले, आणि मनात म्हटले, काय हा मानीपणा!

खरे काय ते मला तीन वर्षांनी कळले, तेही घरात आग लागल्यावर. माझा नातू तेव्हा चौथीत होता. तोंडी हिशेब मोठ्यांच्या आधी सांगायचा, ऐकलेली गोष्ट हावभावासकट परत सांगायचा; पण पुस्तक समोर आले की पोटात दुखायचे. घरी सर्वांचे एकमत होते की, हा आळशी आहे. त्यात माझेही मत होते. संक्रांतीच्या दिवशी तो धडा वाचताना रडत होता आणि मी रागावत होते, तेव्हा ह्याच बाई तिळगूळ घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "काकू, त्याला मारू नका. माझंही असंच होतं. अक्षरं ओळखू येतात, पण ओळ हातात राहत नाही. मी पुस्तकं न्यायची ती वाचायला नव्हे. सासरी आईला कोणी ढ म्हणू नये, म्हणून घरात पुस्तक दिसायला हवं होतं."

भगिनींनो, दर गुरुवारी माझ्यासमोर येऊन बसणारी ही बाई, आणि मला काही दिसले नव्हते.

पुढे आम्ही नातवाला तज्ज्ञांकडे नेले. ह्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, हे आपणांपैकी पुष्कळांनी २००७ सालच्या 'तारे जमीन पर' ह्या चित्रपटापासून ऐकले असेल. हा दोष डोळ्यांचा नव्हे, बुद्धीचा नव्हे, आणि आईच्या लाडाचा तर नव्हेच. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडणी त्या माणसाला सहज होत नाही, फार कष्टाने करावी लागते. पुष्कळदा ते एकाच कुटुंबात अनेकांना असते. पद्धतशीर शिकविल्याने मूल पुष्कळ सुधारते; पण वाचनाचा वेग मोठेपणीही कमी राहू शकतो.

आपली लिपी बोलतो तशी लिहिली जाते, म्हणून सोपी, असे आपण अभिमानाने सांगतो. बऱ्याच अंशी ते खरेही आहे. पण मी नातवाजवळ बसून 'किती' हा शब्द पाहिला, तेव्हा माझेच मला हसू आले. पहिली वेलांटी कागदावर क च्या आधी येते आणि तोंडात नंतर. 'सूर्य' म्हणताना र आधी येतो आणि य मागून. कागदावर तो र रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही तर जुळी भावंडेच. वर जोडाक्षरे आहेतच. आपल्याला सवय झाली म्हणून हे जाणवत नाही. ज्याला प्रत्येक शब्दाशी अशी झटापट करावी लागते, त्याला वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात आठवत नसेल, तर नवल काय?

आता ह्यात ग्रंथालयाने काय करायचे? वाचायला शिकविणे आपले काम नव्हे. पुस्तक माणसापर्यंत पोहोचविणे हे आपले काम. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, असा एक आहे. त्या पुस्तकाच्या वाटेवर डोळेच असले पाहिजेत, असे त्यात कोठे आहे? आपल्या आज्या चातुर्मासात पोथी ऐकत. वाचणारी एक, ऐकणाऱ्या वीस. त्या वीस जणींना पोथी पाठ असे, आणि त्यांना कोणी अडाणी श्रोत्या म्हणून हिणवीत नसे. ऐकणे म्हणजे वाचनातली चोरी, ही समजूत मागाहूनची आहे.

कायदाही आता आपल्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ही अडचण 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' ह्या नावाने धरली आहे. त्याआधी २०१२ साली कॉपीराइटचा कायदा सुधारला. ज्यांना दिव्यांगत्वामुळे छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठी नफा न घेता त्याची ध्वनिप्रत करण्याची मोकळीक त्याने शासनमान्य ग्रंथालयांनाही दिली. मात्र ती प्रत त्यांच्यापुरतीच. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर सोडून द्यायची नाही! ह्याच विषयावरचा जागतिक करार २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश येथे झाला आणि २०१४ साली त्याला सर्वांत आधी मान्यता दिली ती आपल्या देशाने. 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झाले, ते अशाच वाचकांसाठी.

स्वीडनमधल्या ग्रंथालयांत मुलांसाठी एक 'सफरचंदाचे फडताळ' असते. विशेष गरजा असलेल्या मुलांची पुस्तके त्यावर ठेवतात, आणि ओळखण्यासाठी सफरचंदाचे चित्र. मला त्यातले सर्वांत आवडले ते हे, की कोणाच्या कपाळावर काही लिहिलेले नाही. आमच्या एका सभासद भगिनीने अत्यंत सद्भावनेने सुचविले होते की, आपण "मंद वाचकांसाठी" अशी पाटी लावावी. त्या पाटीखाली कोण येऊन उभे राहील? आपण आंब्याचे चित्र लावू. मोठ्या टाइपाची, सुट्या ओळींची, चित्रांची पुस्तके तेथे मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडू, आणि तेथून कोणीही पुस्तक घ्यावे. माझे डोळे सत्तरीला आले आहेत. मीही तेथूनच घेणार.

काही सुधारणा तर फुकटच्या आहेत. सभासदत्वाचा अर्ज आपण विचारून भरून घेऊ. नऊवारी लांबीचे आपले नियम पाच ओळींत लिहू. पुस्तक परत आले की, "कसे वाटले? गोष्ट काय होती?" अशी परीक्षा मी घेणार नाही, ही खोड माझीच. अडचण सांगणाऱ्याला मुदत दुप्पट आणि दंड नाही. मराठी मजकूर वाचून दाखविण्याची सोय साध्या स्मार्टफोनमध्येही मिळते. तो आवाज थोडा कोरडा आहे आणि अधूनमधून अडखळतो, पण माझा नातू त्यावर अख्खी कादंबरी ऐकतो. ती सोय कशी वापरायची, हे आपल्या सुनांनी आणि लेकींनी येथे बसून दाखवावे.

पैशाचा प्रश्न एकच आहे. वर्धापनदिनाच्या निधीतून काचेचे नवे कपाट घ्यावे, असे कार्यकारी मंडळात ठरत आले आहे. माझा त्याला विरोध आहे, आणि तो मी येथे उघड बोलून दाखवते. कपाटाने पुस्तके शोभतील, पण ती आहेत त्या कपाटातही सुरक्षित आहेत. तोच पैसा एक बरा ध्वनिमुद्रक, चार कर्णफोन आणि मोठ्या टाइपाची पुस्तके यांवर खर्च करावा. आपले ग्रंथालय शासनमान्य नाही, म्हणून मुद्रणाची सुरुवात हक्क संपलेल्या पुस्तकांपासून करू. ती सर्वांनाच ऐकता येतील. लेखक गेल्यावर पुढची ६० वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, तेव्हा 'श्यामची आई' २०११ पासून मोकळी आहे. ते पुस्तकच मुळी रात्री बसून सांगितलेल्या गोष्टींचे, ४२ रात्रींचे. ते कानांनी वाचण्यात कमीपणा कसला?

त्या भगिनीचे नाव मी नोंदवहीत पुन्हा लिहिले आहे, जुन्याच क्रमांकावर. "मी येईन, पण मला कोणी उभे करायचे नाही," अशी त्यांची अट आहे. येत्या गुरुवारपासून दुपारी साडेचार वाजता आपण सभागृहात चटईवर बसून रोज एक रात्र वाचणार आहोत. म्हणजे दर गुरुवारी एक. निवडणे, भाजी मोडणे, विणणे, जे हातात असेल ते घेऊन यावे. वाचण्यासाठी मला सहाजणी हव्या आहेत. ज्यांचा आवाज स्वच्छ आहे आणि ज्या भरभर वाचीत नाहीत, त्यांनी आज चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. कपाटाच्या बाबतीत ज्यांचे मत माझ्याविरुद्ध असेल, त्यांनीही चहाच्या वेळीच मला गाठावे.