नवा लॅपटॉप, मुक्त प्रणाली आणि आपली मराठी

(धार व देवास परिसरातील मराठी भाषिकांपुढे गंधवानी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



नवा लॅपटॉप कसा निवडावा आणि त्यावर मुक्त संचालन प्रणाली कशी बसवावी, हा आजचा विषय. तो केवळ यंत्राचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु या भूमीत बोलताना जुन्या दप्तरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. त्यापूर्वीचे कितीतरी मराठी कागद मोडी लिपीत आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, भाषाही आपलीच आहे; तथापि मोडी जाणणारे विरळ झाल्यामुळे तो मजकूर आपल्यापैकी बहुतेकांना मुका झाला आहे.

संगणकाच्या बाबतीत हीच गोष्ट एका पिढीच्या आतच घडू लागली आहे. कृतिदेवसारख्या जुन्या अक्षरसंचांत रोमन अक्षरांच्या जागी नागरी आकृत्या बसविलेल्या असतात. तो अक्षरसंच नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली, की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग समोर येतो. प्रसिद्धीच्या कामात बाहेरून येणाऱ्या मजकुराबाबत हा अनुभव नित्याचा आहे. घरातील वंशावळ, जमिनीची टिपणे, वडीलधाऱ्यांच्या आठवणी अशा स्वरूपात साठविल्या, तर नातवंडांना त्या वाचता येतीलच, याची शाश्वती नाही. यास्तव लॅपटॉप घेताना पहिला प्रश्न किमतीचा नव्हे. यावर लिहिलेली मराठी उद्या दुसऱ्या यंत्रावर वाचता येईल काय, हा होय.

मुक्त प्रणाली म्हणजे काय?

यंत्राचे सर्व भाग ज्या मूळ आज्ञावलीच्या हुकमतीखाली चालतात, तिला संचालन प्रणाली म्हणतात. बाजारातील बहुसंख्य लॅपटॉपवर विंडोज ही प्रणाली असते. तिला पर्याय असलेल्या लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली जगापुढे ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाच्या साधनांची त्यास जोड मिळाली. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही या प्रणालीची प्रचलित रूपे होत. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेली ‘बॉस’ प्रणालीही याच कुळातील असून तीत मराठीची सोय आहे. भारत सरकारने २०१५ साली मुक्त आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आणि केरळच्या शासकीय शाळांनी तर संगणकशिक्षणासाठी हाच मार्ग पत्करला.

ही प्रणाली विनामूल्य मिळते, एवढाच तिचा गुण नव्हे. तिची प्रत दुसऱ्यास देण्याची कायदेशीर मुभा असते. गंधवानीसारख्या ठिकाणी या गोष्टीचे मोल मोठे आहे. काही जीबींची फाइल एकदा धार किंवा इंदूरच्या चांगल्या जोडणीवर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावी; तोच पेन ड्राइव्ह दहा घरांच्या उपयोगी पडतो. मात्र ती फाइल प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी.

खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

सामान्य घरगुती कामास ८ जीबी स्मृती आणि २५६ जीबीचा एसएसडी पुरेसा होतो. दुकानात काही लॅपटॉप विंडोजविना, ‘डॉस’ किंवा ‘उबुंटू’ अशा उल्लेखासह मिळतात. तेवढे पैसे वाचतात. शक्य असल्यास प्रणाली भरलेला पेन ड्राइव्ह दुकानातच लावून यंत्र चालवून पाहावे. आतील डिस्कला हात न लावता लिनक्स असे चालविता येते. वायफाय लागते काय, आवाज उमटतो काय, कॅमेरा चालतो काय, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते काय, या चार गोष्टी पाहिल्या म्हणजे बरीचशी चिंता मिटते. बहुतेक तक्रारी वायफायच्या चिपविषयी असतात आणि दुरुस्तीसाठी शहर गाठावे लागणाऱ्या माणसास ही तपासणी टाळणे परवडणारे नाही.

घरी जुना लॅपटॉप असेल, तर नवा घेण्याची घाई करू नये. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि अनेक धडधाकट यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स उत्तम चालू शकते. प्रणाली बसविण्यापूर्वी मात्र सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर अवश्य घ्यावी. कारण बसविताना ‘संपूर्ण डिस्क पुसावी’ या पर्यायास होकार दिला, की मागचे काही उरत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. टॅलीसारखी हिशेबाची आज्ञावली, अंगठ्याचा ठसा घेणारी काही उपकरणे किंवा कार्यालयाने नेमून दिलेली विशिष्ट साधने विंडोजवरच चालतात. ज्यांची उपजीविका अशा साधनांवर आहे, त्यांनी आधी चौकशी करावी, अथवा दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवाव्यात.

मराठीची परीक्षा

प्रणाली बसली, की कळफलकांच्या यादीत मराठी जोडावी. इनस्क्रिप्ट ही सर्व भारतीय लिप्यांसाठी आखलेली प्रमाण मांडणी असून तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. काही दिवसांच्या सरावाने ती हातात बसते. नंतर ‘दऱ्या’, ‘शाळा’, ‘ॲप’ हे तीन शब्द टंकित करून पाहावेत. ‘दऱ्या’ मधील अर्धा र, मराठीचा ळ आणि युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झालेला ॲ जर नीट उमटला, तर प्रणालीला मराठी येते असे खुशाल समजावे. मजकूर सदैव युनिकोडमध्येच लिहावा. हा नियम विंडोजवर काम करणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे. जुन्या अक्षरसंचांतील फाइली सवड काढून युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात आणि रूपांतर झाल्यावर एकदा नजरेखालून घालाव्यात. कारण जोडाक्षरे बिघडण्याचा संभव असतो.

मित्रहो, मध्य प्रदेशात राहून मराठी जपणाऱ्या कुटुंबांत मुले शाळेत हिंदी वाचतात आणि मराठी घरात ऐकतात. त्यांच्यासाठी घरातील लेखन हेच मराठीचे पाठ्यपुस्तक होय. यंत्र पाचसात वर्षांत जुने होईल आणि बदलले जाईल. त्यातील मजकूर मात्र पुढच्या यंत्रावर, पुढच्या पिढीस विनासायास वाचता यावा, एवढी तजवीज आज आपल्या हाती आहे. ती अवश्य करावी, ही विनंती.