दहा पीडा आणि मोकळा कंठ

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं मिसर देशावर आलेल्या पीडांविषयीं बोलावयाचें आम्हीं ठरविलें आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. आनंदाच्या दिवशीं बेडूक, टोळ, गारा आणि काळोख यांची आठवण कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ‘ज्युबिली’ हा शब्दच मुळीं इब्री आहे. ‘योबेल’ म्हणजे एडका, आणि त्यावरून एडक्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत आज्ञा आहे कीं, पन्नासाव्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकावें, आणि दासानें मोकळें होऊन आपल्या कुळाकडे परत जावें. म्हणजे ज्युबिली हा आधीं एक नाद आहे, आणि त्या नादापाठोपाठ येणारी दास्यमुक्ति आहे. ही आज्ञा ज्यांना झाली ते लोकही एके काळीं दास होते. परमेश्वरानें मिसरावर दहा पीडा पाठवून त्यांना सोडविलें, आणि सुटतांच ते गाऊं लागले. पीडा व गीत यांचा हा जो संबंध, त्याचें चिंतन यहूदी आचार्यांनीं शतकानुशतकें केलें आहे. त्यांतील थोडें आज आपणांपुढें ठेवावें असा आमचा मानस आहे.

यहूदी लोकांत ‘कब्बाला’ या नांवाची एक गूढविद्येची परंपरा आहे. तिचा मुख्य ग्रंथ ‘झोहर’ हा तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन देशांत प्रसिद्धीस आला. ही विद्या कांहीं आपला विश्वाससिद्धांत नव्हे, आणि तिच्यांतील आंकडे व अक्षरें यांवरून ताईत किंवा भविष्यें करणाऱ्यांच्या नादीं ख्रिस्ती माणसानें मुळींच लागूं नये. परंतु २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें यहूदी व ख्रिस्ती यांच्या समान आध्यात्मिक वारशाची आठवण आपणांस करून दिली. ज्या वडील भावाच्या घरीं आपले पवित्र ग्रंथ जन्मले, तो ते ग्रंथ कसे वाचतो हें आदरानें ऐकण्यांत धाकट्याची हानि नाहीं.

यहूदी आचार्यांना दहा हा आंकडा फार प्रिय. परमेश्वरानें दहा वचनांनीं सृष्टि निर्मिली, असें ते म्हणतात. सोळाव्या शतकांत प्राग शहरच्या महारल या प्रसिद्ध आचार्यानें या दहा वचनांची आणि दहा पीडांची सांगड घातली: ज्या शब्दानें जग उभें राहिलें, तोच शब्द अन्यायी राजाच्या अंगणांत शिक्षा होऊन उतरला. गीतांचाही हिशेब दहाच. तल्मुदांत म्हटलें आहे कीं, स्तोत्रसंहिता दहा प्रकारच्या स्तवनांनीं रचली आहे, आणि त्यांत ‘हालेलुया’ सर्वांत श्रेष्ठ; कारण त्या एकाच शब्दांत स्तुति आहे आणि परमेश्वराचें नांवही आहे. पुढें रब्बी नाख्मन (१७७२–१८१०) यांनीं या दहा प्रकारांस धरून आत्म्याच्या दुखण्यावर औषध म्हणून दहा स्तोत्रें निवडलीं. त्यांत १०५ वें स्तोत्र आहे, आणि तें तर पीडांचेंच स्तोत्र! काळोख, रक्त, बेडूक, गोमाशा, उवा, गारा, टोळ आणि प्रथमजातांचा मृत्यु हें सारें त्यांत गाइलें आहे, आणि अखेरीस परमेश्वरानें आपल्या लोकांना हर्षानें गात गात बाहेर आणिलें असें सांगितलें आहे. जें भोगलें तें गाण्याजोगें झालें, हीच त्या स्तोत्राची साक्ष.

तथापि या आंकड्यांहून अधिक खोल असा एक विचार आहे. झोहरांत म्हटलें आहे कीं, मिसरांत केवळ माणसेंच नव्हे, तर वाणीही बंदिवासांत होती. सोळाव्या शतकांत गालिलांतील त्सफात या गांवीं इसहाक लुरिया (१५३४–१५७२) नांवाचे आचार्य होऊन गेले. त्यांच्या संप्रदायानें हा विचार पुढें नेला. मिसराचें इब्री नांव ‘मित्सराईम’. त्यांत त्यांना ‘अरुंद जागा’ या अर्थाचा शब्द ऐकूं आला, आणि ती अरुंद जागा म्हणजे माणसाचा गळा असें त्यांनीं म्हटलें. ‘फारो’ या नांवाचीं अक्षरें उलटसुलट केलीं कीं ‘मान’ हा शब्द होतो. म्हणजे कंठ मागून आवळून धरणारी ती मानच. आणि ‘पेसाख’, म्हणजे वल्हांडण, या शब्दाची फोड त्यांनीं ‘बोलणारें मुख’ अशी केली. व्याकरणाच्या दृष्टीनें हा शब्दांचा खेळ आहे, हें खरें. परंतु निर्गमाचा ग्रंथ उघडून पाहा. आरंभीं इस्राएल लोकांना शब्दच नाहीं. ते केवळ कण्हतात. मोशे म्हणतो, आपण जड जिभेचे आहों. मग एकामागून एक पीडा येतात, आणि प्रत्येक पीडेनें फारोची पकड थोडीथोडी सैल होते. अखेर तांबड्या समुद्राच्या पलीकडे, पंधराव्या अध्यायांत, तोच जड जिभेचा मोशे सर्व लोकांसह गातो, आणि त्याची बहीण मिर्याम हातीं डफ घेऊन स्त्रियांना गावयास लावते. पीडांचा हेतु सूड नव्हता. आरंभापासून फारोकडे मागणें एकच होतें: माझ्या लोकांना माझी उपासना करण्यास जाऊं दे. दाबून धरलेला कंठ मोकळा व्हावा, यासाठींच तें सारें होतें.

एका क्षुद्र प्राण्याचीही गोष्ट ऐका. दुसऱ्या पीडेंतील बेडूक फारोच्या भट्ट्यांत शिरले, असें निर्गमांत आहे. तल्मुदांतील एक आचार्य म्हणतो कीं, हनन्या, मिशाएल आणि अजऱ्या हे तिघे तरुण बाबेलच्या अग्नीच्या भट्टींत निर्भयपणें उतरले तें या बेडकांचें उदाहरण पाहून! आणि आपल्या दानिएलाच्या ग्रंथाप्रमाणें त्या भट्टींत त्या तिघांनीं काय केलें? त्यांनीं गाइलें. सकल सृष्टीला परमेश्वराची स्तुति करावयास लावणारें त्यांचें गीत पवित्र सभा रविवारीं आणि सणांच्या दिवशीं प्रातःप्रार्थनेंत आजही म्हणते.

हें सर्व दूरदेशींचें आहे असें समजूं नका. आपल्याच महाराष्ट्रांत, कुलाब्याच्या किनाऱ्यावर, बेने इस्राएल समाज शतकानुशतकें मराठी बोलत राहिला. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज नौगांवजवळ जहाज फुटून किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि ग्रंथ समुद्रांत गेले. ते तेलाचा घाणा चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ग्रंथ नसल्यामुळें सणांचे अर्थ विस्मृतींत गेले, हात मात्र विसरले नाहींत. वल्हांडणाच्या सणाला ते आंबट रसाचें भांडें झांकून ठेवण्याचा सण म्हणत. कथा गेली आणि गीत गेलें. भांड्याचें तोंड झांकण्याची रीत तेवढी उरली. वाणीचा बंदिवास म्हणतात तो याहून वेगळा काय असेल? मग १८४६ सालीं मुंबईंत वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा ‘हग्गादा’ ग्रंथ इब्रीसह मराठींत शिळाछापावर निघाला, आणि १८७४ सालीं पुण्यास सचित्र आवृत्ति निघाली. तिच्यांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडीं नेसलेल्या दाखविल्या आहेत. १८८० च्या सुमारास याच समाजानें बायबलांतील पूर्वजांचीं चरित्रें कीर्तनाच्या रूपानें मराठींत गावयास आरंभ केला. झांकलेल्या भांड्याचें तोंड उघडलें, आणि त्यांतून मराठी वाणी बाहेर आली.

येथवर आनंदाची गोष्ट झाली. आतां कठीण गोष्ट ऐकावयास हवी. त्या वल्हांडणाच्या रात्रीं दहा पीडांचीं नांवें उच्चारतांना यहूदी कुटुंबांत प्रत्येक नांवाबरोबर पेल्यांतील द्राक्षारसाचा एकेक थेंब काढून टाकतात. याचा अर्थ असा सांगतात कीं, ज्या सुटकेसाठीं दुसऱ्याचे प्राण गेले, त्या सुटकेचा पेला कांठोकांठ भरलेला असूं नये. तल्मुदांतही अशीच कथा आहे. मिसरी सैन्य बुडत असतां देवदूत स्तुतिगीत म्हणूं लागले, तेव्हां परमेश्वर त्यांना म्हणाला कीं, माझ्या हातचीं लेंकरें समुद्रांत बुडत आहेत आणि तुम्ही गातां? लक्षांत घ्या, तेथें इस्राएलाला गप्प बसविलेलें नाहीं. ज्यानें भोगलें त्यानें गावें. परंतु ज्यानें भोगलें नाहीं त्यानें आधीं बुडणाऱ्यांकडे पाहावें.

हें आपणांस लागू पडतें. २०२० सालीं जगावर महामारी आली. त्या वर्षीं यहूदी लोकांचें वल्हांडण ८ एप्रिलच्या सायंकाळीं लागलें, आणि आपला पुनरुत्थानाचा रविवार १२ एप्रिलला आला. त्या रात्रीं लोकांविना, दारें लावून, पवित्र जागरण करावें लागलें. समूहानें गाणेंच धोक्याचें झालें होतें. गळ्यांतून निघणारा श्वास दुसऱ्यास बाधेल अशी भीति होती. कंठ अरुंद होणें म्हणजे काय, हें आपण सर्वांनीं अनुभविलें. त्या काळीं ‘ही देवानें पाठविलेली पीडा’ असें म्हणून आजाऱ्यांकडे बोट दाखविणारेही निघाले. त्यांना आमचें सांगणें आहे कीं, निर्गमाचा ग्रंथ नीट वाचा. पीडा आल्या त्या विटा थापणाऱ्यांना मोकळें करण्यासाठीं, विटा थापणाऱ्यांना दोष देण्यासाठीं नव्हे.

आणि त्याच वर्षीं, ८ मे रोजीं पहाटें, जालन्याहून मध्य प्रदेशांतील आपल्या गांवीं पायीं निघालेले मजूर आपल्या या शहराजवळ करमाडनजीक रुळांवर थकून निजले असतां मालगाडी त्यांच्यावरून गेली, आणि सोळा जण मृत्यु पावले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचें चित्र साऱ्या देशानें पाहिलें. घाईघाईनें निघालेल्या माणसांची शिदोरी ती. आपापल्या घरीं परतावें, एवढीच त्यांची इच्छा होती. ज्युबिलीच्या शिंगाचें अभिवचनही तेंच आहे. पण त्यांच्यासाठीं समुद्र दुभंगला नाहीं. आजही आपल्या मराठवाड्यांतून कुटुंबेंच्या कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जातात, आणि ती उचल फिटेपर्यंत त्यांचा कंठ आवळलेलाच राहतो. आपल्या ज्युबिलीचा पेला भरतांना हे थेंब काढून ठेवावयाचे आहेत.

तरीही आपण गावें काय? होय, अवश्य गावें. पुनरुत्थानाच्या जागरणांत इतर कांहीं वाचनें कमी करतां येतात, परंतु समुद्र ओलांडण्याचें वाचन कधींही वगळतां येत नाहीं, आणि त्यामागून मोशेचें गीत येतें. उपवासकाळभर मुकें राहिलेलें ‘हालेलुया’ त्याच रात्रीं पुन्हा उठतें. प्रकटीकरणाच्या पंधराव्या अध्यायांत शेवटच्या सात पीडा घेऊन सात देवदूत उभे आहेत, आणि त्याच ठिकाणीं कांचेच्या समुद्राजवळ विजयी लोक मोशेचें आणि कोंकऱ्याचें गीत गात आहेत. कोंकऱ्याचें, हा शब्द महत्त्वाचा. मिसरांत प्रथमजात मेले. कालवारीवर पित्यानें आपला प्रथमजात दिला. आपल्या पेल्यांतून उणें झालेलें त्यानें आपल्या रक्तानें भरून काढलें. म्हणून आपलें गीत दुसऱ्याच्या नाशावर उभें राहत नाहीं.

प्राचीन यहूदी आचार्यांनीं पवित्र इतिहासांतील गीतें दहा मोजलीं. पहिलें मिसरांतील त्या रात्रीचें, दुसरें समुद्रकांठचें. असें करीत नऊ झालीं, आणि दहावें पुढें यावयाचें आहे. दहा पीडा होऊन गेल्या. दहावें गीत अजून गाइलें गेलें नाहीं. जोंवर एकाही माणसाचा कंठ दास्यानें आवळलेला आहे, तोंवर तें पुरतें गातां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

म्हणून आमची विनंती दोन गोष्टींची आहे. ज्युबिलीच्या मिस्सेंत महिमागीत म्हणण्यापूर्वीं क्षणभर सर्वांनीं स्तब्ध राहावें, आणि त्या सोळा जणांस व महामारींत गेलेल्या आपल्या माणसांस स्मरावें. आणि ज्युबिलीच्या भोजनखर्चांतून कांहीं भाग काढून, आईबाप ऊसतोडीला व भट्टीवर जातात अशा मुलांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय करावी, मग तीं मुलें कोणत्याही धर्माचीं असोत. पेला तेवढा उणा होईल. गीत मात्र खरें होईल. समुद्र ओलांडून गेलेल्यांचा परमेश्वर आपणां सर्वांचा कंठ मोकळा करो. आमेन.