रक्तस्रावाचे पहिले तास

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याशेजारी, शहाजीराजांच्या जहागिरीची आठवण जागविणाऱ्या वस्तीत, 1900 साली सुरू झालेले व्हिक्टोरिया रुग्णालय उभे आहे. कोलार, तुमकूर अशा भोवतालच्या गावांतून तेथे रुग्ण येत असतात. ज्याचे यकृत दीर्घकाळ रोगग्रस्त आहे आणि ज्याला एकाएकी रक्ताची उलटी झाली आहे, अशा रुग्णाच्या दृष्टीने गावापासून रुग्णालयापर्यंतचा प्रवास हाच खरा संकटकाळ होय.

हे रक्त येते कोठून? जठर, आतडी आणि प्लीहा यांतील रक्त एका मोठ्या नीलेतून यकृताकडे जाते. सिरॉसिस होऊन यकृत कठीण झाले की ही वाट अडते. बंधाऱ्याआड तुंबलेले पाणी मिळेल त्या पाटाने निघते, तसे हे रक्त अन्ननलिकेच्या आणि जठराच्या नाजूक शिरांत शिरते व त्या फुगतात. दाब फार वाढला की एखादी फुटते. अशा रुग्णाला मद्यपी समजून नाक मुरडण्याची रीत आहे. परंतु दारूचा थेंबही न घेतलेल्यांना काविळीच्या विषाणूंमुळे किंवा यकृतातील मेदामुळे हीच अवस्था प्राप्त होते.

या रक्तस्रावावरील औषधे शिरेचे छिद्र बुजवीत नाहीत. ती आतड्यांकडे येणारा रक्ताचा ओघच कमी करतात. पूर्वी त्यासाठी व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक देत. पण ते हृदयाच्या रक्तवाहिन्याही आवळी. त्याचे सुधारलेले रूप म्हणजे टर्लिप्रेसिन. हृद्रोग्याच्या बाबतीत मात्र तेही जपूनच द्यावे लागते. 1973 साली सोमॅटोस्टॅटिनचा शोध प्रसिद्ध झाला. त्याचा प्रभाव काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून पुढे अधिक टिकणारे ऑक्ट्रिओटाइड तयार झाले. यांत श्रेष्ठ कोणते? दक्षिण कोरियात 780 रुग्णांवर या तिन्हींची तुलना झाली. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. तेव्हा कोणते औषध, यापेक्षा ते केव्हा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

त्याचे उत्तर फ्रेंच डॉक्टरांनी 1995 साली दिले होते. त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीची वाट न पाहता, रुग्ण इस्पितळात पोहोचण्यापूर्वीच, नायट्रोग्लिसरीनच्या जोडीने टर्लिप्रेसिन दिले. रक्तस्राव अधिक जणांचा थांबला आणि पहिल्या पंधरवड्यातील मृत्यू घटले. आज सर्वमान्य झालेली रीत हीच आहे: संशय येताच औषध, त्याबरोबर जंतुसंसर्ग टाळणारे प्रतिजैविक, बारा तासांच्या आत दुर्बीण घालून फुटलेल्या शिरेला रबरी कडे, आणि औषध दोन ते पाच दिवस चालू.

रक्त चढविण्याविषयी नातेवाईकांचा आग्रह असतो, तो समजण्यासारखाही आहे. परंतु बार्सेलोना येथील 2013 सालच्या अभ्यासात हिमोग्लोबिन सातच्या खाली जाईपर्यंत हात आखडता घेतलेले रुग्ण अधिक संख्येने वाचले. भरमसाट रक्त दिल्याने त्या नीलेतील दाब पुन्हा चढतो.

दुर्बीण आणि ती चालविणारा तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला नेणे खर्चाचे काम आहे. औषधाच्या चार कुप्या आणि त्या ठेवावयास एक शीतकपाट, एवढ्याची तरतूद त्या मानाने अल्प. तुमकुराहून निघालेल्या रुग्णासोबतच्या चिठ्ठीवर इंजेक्शनाची वेळ नोंदलेली असली, म्हणजे बंगळूरच्या डॉक्टराला पुढची मात्रा केव्हा द्यावयाची ते कोणालाही विचारावे लागत नाही.