जुनी रायफल : साल कसे वाचावे?
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



"आमच्याकडे पणजोबांची बंदूक आहे, किती जुनी असेल?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. म्हणून आज एकबारी रायफलींविषयी, म्हणजे दर बाराला नवे काडतूस घालावे लागे अशा बंदुकांविषयी, थोडे सांगतो. मुद्दा एकच : बंदुकीवरचे साल लगेच खरे मानू नये, त्याची उलटतपासणी करावी.

प्रथम स्नायडर. ब्रिटिश सैन्याने ती १८६६ मध्ये स्वीकारली. आधीच्या ठासणीच्या एनफिल्ड बंदुकांची नळी मागून कापून तेथे बाजूला उघडणारे झाकण बसवले. त्यामुळे घोड्याच्या पट्टीवर १८६० दिसले, तरी ते मूळ ठासणीच्या बंदुकीचे साल असू शकते. झाकणाला खटका असेल, तर ती नंतरची मार्क ३.

दुसरी मार्टिनी-हेन्री, १८७१ ची. हिला बाहेर घोडा नाही. चापामागील दांडा खाली ओढला की काडतुसाची जागा उघडते. उजव्या अंगावर मुकुट, व्ही.आर. ही अक्षरे, कारखाना, साल आणि मार्कचा आकडा असतो. मार्क २ आला १८७७ मध्ये, मार्क ३ १८७९ मध्ये आणि मार्क ४ १८८८ मध्ये. मार्क २ वर १८७३ असले तरी घाबरू नका, कारण मार्क १ च्या अनेक रायफली सुधारून मार्क २ केल्या होत्या. मार्क ४ वर १८७६ असेल, तर मात्र शंका घ्या.

व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ती जानेवारी १९०१ मध्ये वारली. या अक्षरांशेजारी १९०८ असेल, तर ती खैबर खिंडीकडील नक्कल समजावी. तेथील कारागिरांची अक्षरे कधी उलटी, कधी चुकीची असतात.

नेपाळच्या रायफलींवर तर आपलीच देवनागरी भेटते. तेथे १९५० म्हणजे विक्रम संवत. ५७ वजा करा, इसवी सन १८९३ येते. शकाच्या सवयीने ७८ मिळवू नका! जनरल गहेंद्र शमशेर यांची रायफल बाहेरून मार्टिनीसारखीच दिसते, पण आतील रचना वेगळी आहे.

शेवटी दोन विनंत्या. पॉलिश पेपरने गंज घासू नका; ठसे गेले की पुरावाच गेला. आणि बंदूक जुनी म्हणून परवाना नको, असे समजू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील सूट, दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे. नळीत जुना बार अडकलेलाही असू शकतो. म्हणून स्वतः उघडून पाहू नका, परवानाधारक कारागिराला दाखवा. पणजोबांची आठवण घरात सुरक्षित आणि कायदेशीर राहावी, एवढीच इच्छा.